साठीपुढचा व्हॉलीबॉल

सकाळी आम्ही तासभर खेळतो आणि नंतर चहाच्या टपरीवर दोन तास त्या खेळाबद्दल बोलतो. खेळापेक्षा बोलणं जास्त, मग किस्से साठणारच. घरी मात्र कुणी ऐकत नाही. बायको म्हणते, "हे मागच्या आठवड्यात सांगितलं." माझं जाऊ द्या, तिची स्मरणशक्ती अजून शाबूत आहे.

*

सुरुवात गंगाधररावांमुळे झाली. ते एसटीचे ड्रायव्हर होते, सगळी नोकरी स्टेअरिंगमागं बसून गेली. रिटायर झाल्यावर ते बाजेवर बसले. हळूहळू नावं विसरायला लागले, नातवाला पोराच्या नावानं हाक मारू लागले. घरचे घाबरले आणि त्यांना जालन्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी सगळं तपासलं. घाबरण्यासारखं काही नाही, पण अंग हलवा, चार माणसांत जा, त्याचा डोक्यालाही फायदा होतो, असं सांगितलं.

गंगाधरराव दोन सकाळी एकटेच भोकरदन रोडनं फिरून आले आणि कंटाळले. "पॅसेंजर न्हाई, स्टॉप न्हाई. रिकामी गाडी किती पळवायची?"

म्हणून जाफराबादला शाळेमागच्या मैदानात आमचा व्हॉलीबॉल सुरू झाला. मी कृषी खात्यातून नुकताच रिटायर झाल्तो. मला कुणी विचारलं नाही, सरळ नेटपाशी उभं केलं.

*

नेट होतं, पण जागोजागी फाटलेलं. उस्मानभाई आमच्यातले टेलर. ते नेट घरी घेऊन गेले आणि मशीनवर घालून शिवायला बसले. सून चहा घेऊन आली, तर खोलीभर जाळी पसरलेली. तिनं विचारलं, हे कुणाचं काम आलंय?

उस्मानभाईंनी मान वर न करता सांगितलं, "गंगाधररावका बनियान है, बेटा."

गंगाधररावांचं पोट सुनेनं पाहिलेलं होतं. तिनं पुढं काही विचारलं नाही.

*

स्कोअरचा नियमही गंगाधररावांचाच. शरीराबरोबर डोकंही चाललं पाहिजे, म्हणून स्कोअर कुणी मोठ्यानं म्हणायचा नाही, ज्यानं त्यानं मनात ठेवायचा. पहिल्याच दिवशी दोन्ही बाजू जिंकल्या. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तेव्हापासून आजपर्यंत आमच्यात कुणीही हरलेलं नाही. भांडण मात्र रोज होतं, आणि त्यात कुणाला काही आठवायला त्रास होत नाही. चार वर्षांपूर्वीची चुकलेली सर्व्हिससुद्धा आठवते.

*

आमच्यातले खरे खेळाडू लोखंडे सर. हायस्कूलला गणित शिकवायचे आणि शाळा सुटल्यावर पोरांना व्हॉलीबॉल. त्यांनी उचललेला बॉल बरोबर हातात येतो.

एका सकाळी सर मैदानात आले नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून ते थेट शाळेत गेल्ते. सातवीच्या वर्गात शिरले, खडू घेतला आणि अपूर्णांक शिकवायला लागले. रिटायर होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती. वर्गावरच्या तरुण मॅडमनी त्यांना अडवलं नाही. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या, सरांचा तास पूर्ण होऊ दिला, आणि मगच सरांच्या घरी वहिनींना फोन केला.

पुढं तपासण्या झाल्या. आजाराचं नाव कळलं. डॉक्टर वहिनींना स्पष्ट बोलले की खेळल्यानं हा आजार जाणार नाही, पण खेळ बंदही करू नका. झोप नीट लागेल, माणसांत राहतील, जे आहे ते होईल तितकं टिकवू.

*

सरांचा मुलगा प्रशांत पुण्याहून आला. बाबा पडले, हाड मोडलं तर काय, हे त्याचं म्हणणं. ते चुकीचं नव्हतं. त्यानं गेटला कुलूप लावलं. सर दिवसभर अंगणात येरझाऱ्या घालू लागले, जेवेनात, बूट कुणी लपवले म्हणून वहिनींवर चिडू लागले.

वहिनींचा आवाज आम्ही कधी मोठा ऐकला नव्हता. त्या दिवशी शेजारच्यांनी ऐकला.

"पडले तर मी उचलीन. पण एकदा बसले, तर कोण उठवणार त्यांला?"

दुसऱ्या सकाळी प्रशांत सरांना घेऊन मैदानात आला. नुसतं बघतो म्हणाला. एक माणूस कमी होता, आम्ही त्याला आत घेतलं. थोड्याच वेळात तो धापा टाकत लाइनीबाहेर जाऊन बसला. सरांनी त्याला पाणी दिलं. मग उस्मानभाईंना बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "आमच्या प्रशांतला जरा जपून न्या घरी. पडायचा कुठं तरी."

कुलूप त्यानंतर लागलं नाही.

*

रोज सरांना आणायचं काम उस्मानभाईंनी स्वतःकडं घेतलं. सर गेटपाशी थांबून रोज विचारायचे, कुठं चाललो आपण? सुरुवातीला उस्मानभाई सगळं समजावून सांगायचे. सर ऐकायचे, पण पाय उचलायचे नाहीत. एक दिवस उस्मानभाईंनी काही न बोलता बॉल त्यांच्या हातात दिला.

सर चालायला लागले. आता उस्मानभाई बॉल स्वतःच्याच घरी ठेवतात.

*

मागच्या थंडीत मी लेकीकडं अंबडला गेल्तो. परत आलो आणि सकाळी माझ्या जागेवर, सरांच्या शेजारी उभा राहिलो. सर आणि मी एका गल्लीतले. आमची पोरं एकाच ताटात जेवून मोठी झाली.

सर माझ्याकडं बघत राहिले. मग जवळ आले.

"नवीन दिसता."

गंगाधररावांनी सर्व्हिस हातातच धरून ठेवली. मी म्हणालो, "हो, सर."

"गाव कोणतं?"

"इथलाच आहे."

"घाबरू नका. ही माणसं आरडाओरडा करतात, पण चांगली हायेत."

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. एका पंजावर दुसरा ठेवला, अंगठे जुळवले, कोपरं सरळ केली. खांद्यावर हात दाबून गुडघे वाकवायला लावले. थंडीतही त्यांचे हात गरम होते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"बॉलकडं बघा," सर म्हणाले. "माझ्याकडं काय बघून राह्यले?"