फावड्याचे बूट

व्हर्लिन स्कारची पावलं जन्मापासूनच रुंद. शाळेतल्या पोरांनी त्याला फावड्या म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं की पाळण्यातलं नाव फक्त त्याची बायको आर्डिस घ्यायची, तेही रागावली की.

पायाची लांबी बेताचीच, पण पुढचा पंजा एवढा पसरट की दुकानातला कुठलाही बूट त्याच्या करंगळीला चावायचा. अरुंद पायाच्या माणसांना हे दुःख सांगून कळत नाही. ते शहाणपणा शिकवतात, एक नंबर मोठा घे की. मोठा घेतला तर रुंदी मिळते, पण पुढे जागा रिकामी राहते, टाच उचलते आणि उतरणीवर माणूस स्वतःच्याच बुटाला अडखळतो. फावड्या असाच एकदा पाठीवर एल्क हरणाची आख्खी मांडी घेऊन दगडांतून घरंगळत आला होता. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय.

लग्नाच्या दिवशी भाड्याने आणलेले काळे बूट पायात शिरेनात. तेव्हा गडी शिकारीच्या बुटांना काळं पॉलिश फासून चर्चमध्ये उभा राहिला. आर्डिसची आई तो फोटो बघून शेवटपर्यंत नाक मुरडायची. आर्डिस मात्र येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची. "बघा, पळून जायची तयारी करूनच आला होता. पण गेला नाही."

हिवाळाभर तो जिल्ह्याच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलायचं यंत्र चालवायचा. बाकी वर्ष नुसतं वाट बघण्यात, कधी एकदा शिकारीचा मोसम येतो. ऑगस्ट लागला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बूट यायचे. ओव्हनच्या दाराशी ते कोमट करायचे आणि बोटांनी मेण-चरबी चोळायची. त्या वासाने आर्डिसचं डोकं उठायचं, पण तो वास आला नाही तर तिला उन्हाळा संपल्यासारखा वाटायचा नाही. चोळताचोळता समोर कोण बसलंय ते न बघता त्याचा धडा सुरू व्हायचा. "नाडी चढताना सैल, उतरताना घट्ट. चढताना घोट्याला वाकायला जागा लागते. उतरताना बोटं पुढे आपटता कामा नयेत." हे आर्डिसने इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं.

अमेरिकेतल्या त्या मोंटाना राज्यात एल्क कुणीही मारतो. पण वळलेल्या शिंगांचा रानमेंढा मारायचा परवाना मागून मिळत नाही. दर वर्षी अर्ज टाकायचा, सोडत निघते, आणि बहुतेकांचं आयुष्य अर्ज टाकण्यातच जातं. फावड्याचं नाव निघालं तेव्हा तो नोकरीतून कधीच सुटला होता, केस पांढरे झाले होते. त्या दिवशी त्याने आर्डिसला स्वयंपाकघरात धरून नाचवलं, आणि मग खुर्चीत बसून बराच वेळ दम खाल्ला. म्हातारपणी नाचल्यावर दम लागायचाच, असं दोघंही म्हणाले.

जुलैत बूट काढले, तर पायात जाईनात.

"तू वसंतात हे चुलीजवळ ठेवलेस," तो म्हणाला. "चामडं आकसलं."

"लग्न झाल्यापासून तिथंच ठेवतेय. यंदाच बरं आकसलं?"

"यंदा जास्त जवळ ठेवलेस."

झालं. दोन दिवस अबोला. मग गाव मदतीला धावलं. पहिला आला रॉली फेन्सल, शिकारीतला त्याचा जुना जोडीदार. गावातल्या मयतांचं सगळं तोच बघायचा, पेटीपासून खड्ड्यापर्यंत. त्याने बुटांत ओले ओट्स ठासून भरले. ते फुगतात आणि चामडं ताणतं, ही त्याच्या आजोबांची युक्ती.

"फावड्या, तुझी पेटी बनवायची वेळ आली तर पायाकडून रुंद करावी लागेल रे," रॉली म्हणाला.

"तू बनवशीलच कशाला? तुला खांदा देऊन मगच जाणार मी."

ओट्स फुगले, शिवण उसवली, पाय काही आत गेला नाही. कुणी पाण्याच्या पिशव्या भरून बूट फ्रीजरमध्ये ठेवायला सांगितले, कुणी आपल्या मेलेल्या काकाचे बूट आणून दिले. डोंगरापलीकडच्या शहरातली सगळी दुकानं पालथी घालून झाली. एका दुकानातला पोरगेला विक्रेता मापाच्या पट्टीकडे बघत म्हणाला, "आजोबा, पाय वाढलाय तुमचा."

"वयाने पसरतो. माझ्या बापाचाही पसरला होता."

सगळं गाव त्या बुटांकडे बघत होतं, पायांकडे कुणी बघितलं नाही. फावड्याचे पाय रुंद, हे सगळ्यांना इतकं पाठ होतं की ते आणखी रुंद झाल्याचं कुणालाच नवल वाटलं नाही. काय म्हणावं या अकलेला.

शेवटी आर्डिसने फोन फिरवून फिरवून शेजारच्या राज्यातला एक बूट बनवणारा शोधला. तो पायाच्या आकारावरून बूट शिवायचा. वर्षभर थांबावं लागेल म्हणाला, पण रानमेंढ्याचा परवाना लागलाय म्हटल्यावर विरघळला. "संध्याकाळी कागदावर पाऊल रेखून पाठवा," तो म्हणाला. "दोन्ही पायांवर सारखा भार हवा."

आर्डिस जमिनीवर गुडघे टेकून बसली. पाऊल हलू नये म्हणून तिने डावा अंगठा त्यावर दाबून धरला आणि पेन्सिल फिरवली. अंगठा उचलला तर तिथे खड्डा पडला होता. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तसा. ती बघत राहिली, खड्डा भरेना. तिच्या आईच्या शेवटच्या वर्षी आईच्या पायावर असेच खड्डे पडायचे, आणि तेव्हा डॉक्टरांनी हृदयाचं नाव घेतलं होतं.

"झालं का?" वरून फावड्याने विचारलं.

सांगितलं तर त्याचा डोंगर जाईल. नाही सांगितलं तर तोच जाईल. आर्डिसने दोन्हीचा विचार केला आणि पेन्सिल पुन्हा टेकवली. "हलू नकोस," ती म्हणाली. त्या रात्री ती परसात जाऊन रडली. सांगायचं तर होतंच, पण रोज सकाळी तो दुर्बिणीच्या काचा पुसत बसलेला दिसायचा आणि तिची जीभ उचलायची नाही. डॉक्टरकडे नुसतं तपासून घे, असं तिने आडून दोनदा म्हणून पाहिलं. "हात दाखवून अवलक्षण कशाला?" एवढंच उत्तर मिळालं.

मोसमाच्या तोंडावर बूट आले. फावड्याने ते घातले, उभा राहिला, आणि त्याचा चेहरा लहान पोरासारखा झाला. त्याने बोटं आतल्या आत हलवून बघितली. "आर्डिस, करंगळीला जागा आहे गं. करंगळीला जागा आहे."

घरामागच्या टेकडीवर ते चालवून बघायला तो लगेच निघाला. नाडी सैल बांधली. आर्डिस खिडकीतून बघत होती. अर्ध्यावर कुंपण होतं, कुंपणाच्याही अलीकडे तो दगडावर बसला. बराच वेळ उठला नाही, तेव्हा ती ॲप्रन न काढताच वर गेली. त्याचे ओठ निळसर पडले होते.

"चावतात का रे?" तिने विचारलं, जरी तिला ठाऊक होतं.

फावड्याने बुटांकडे बघितलं. मग वर कड्यांकडे बघितलं. "नाही गं. कुठंच चावत नाहीत," तो म्हणाला. "चावले असते तर बरं झालं असतं."

दोन महिने बूट बिचारे त्याच्या हृदयाचा गुन्हा आपल्या अंगावर घेत होते. आता चांगले बूट मिळाले आणि दोष द्यायला कुणी उरलं नाही.

"मला माहीत होतं," आर्डिस म्हणाली. "पाऊल रेखलं त्या दिवसापासून."

"मला उशा वाढवाव्या लागल्या त्या दिवसापासून," तो म्हणाला. "आडवा झोपलो की गुदमरतो मी. तुला वाटलं पाठ दुखते."

ती त्याच्या शेजारी दगडावर बसली. दोघंही रडले, आणि मग एकमेकांना धरत धरत खाली आले. उतरताना त्याने वाकून नाडी घट्ट बांधायचा प्रयत्न केला, पण वाकवेना. तिने बांधून दिली.

डॉक्टरांनी डोंगराचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलं आणि अंगातलं पाणी उतरायच्या गोळ्या दिल्या. पायांची सूज उतरली. ज्या जुन्या बुटांसाठी एवढा आटापिटा केला ते उसवलेली शिवण घालून घेतल्यावर पुन्हा बसायला लागले आणि नवे पायात डगमगायला लागले. ते त्याने कपाटात ठेवून दिले. परवाना दुसऱ्याला देता येत नाही. मोसमात रॉलीने त्याला गाडीत घालून कड्यांच्या पायथ्याशी नेलं. दुर्बिणीतून रानमेंढे दिसले, एक तर भलामोठा नर होता. फावड्या घरी आला, सूप अर्धवट सोडलं आणि म्हणाला, "तो उभा होता तिथंच. माझीच वाट बघत असल्यासारखा."

आर्डिसला राहवलं नाही. "मी बूट शोधलेच नसते, तर तू बुटांना दोष देत तसाच डोंगरावर गेला असतास."

"गेलो असतो, आणि परत आलो नसतो," फावड्या म्हणाला. "तुला काय हवं होतं?"

तिला तो हवा होता. तेवढं ती म्हणाली. त्यावर त्याने उरलेलं सूप संपवलं.

थंडी वाढली तशा गोळ्या कामाला येईनाशा झाल्या. फेब्रुवारीत एका सकाळी तो उशांच्या ढिगावर बसल्याबसल्याच गेला.

आर्डिसने रॉलीकडे लग्नातला कोट आणि जुने बूट पाठवले. दुपारी रॉलीचा फोन आला. 

"आर्डिस, पाय फार सुजलेत. बूट चढत नाहीत. मागून कापून घालतो, कुणाला दिसणार नाही. आम्ही सगळ्यांचेच तसे घालतो."

"त्याचे नको कापू," आर्डिस म्हणाली.

ती स्वतः कपाटातले नवे बूट घेऊन गेली. रॉलीने एक पाय उचलला, तिने बूट धरला. पाय अलगद आत गेला, करंगळीसकट. मग दुसरा गेला. रॉली नाडी ओवत वर आला आणि घोट्यापाशी थांबला. जोर लावून ओढावी की नाही, त्याला कळेना.

"किती घट्ट बांधू?" त्याने विचारलं.

आर्डिसने बुटाच्या टोकावरून हात फिरवला. "सैल बांध," ती म्हणाली. "त्याला चढायचंय."