भुजंगदादाच्या पेवातले तवे

भुजंगदादा गेला त्याला आज सोळा दिवस झाले. तेराव्याला जो तो उठून म्हणला, माणूस लई सरळ व्हता. मी त्याची सख्खी धाकटी बहीण, साळू. पदर तोंडाला लावून बसले व्हते. लोकांला वाटलं रडून राह्यली. रडत व्हतेच, पण मधी मधी हसू बी येत व्हतं. सरळ म्हणे!

निजामाच्या राज्यातली गोष्ट हाय. दादा कापूस घेऊन जालन्याला गेल्ता. तिथं जिनिंगवरचा एक गोरा साहेब आपल्या देशाला परत चालला व्हता, सामान काढून राह्यलाता. मायनं दादाला मीठ, तेल अन एक लुगडं आणायला सांगितल्तं. दादा आला पेटीभर तवे घेऊन. तवे म्हणजे फोनोवर वाजायच्या काळ्या रेकॉर्डी. अमेरिकेतल्या काळ्या बायांची दुखाची गाणी, त्याला ब्लूज म्हणतेत.

आमची माय तुळजाबाई म्हणली, "याच्यावर भाकर होती का?"

"माय, याच्यात बाई हाय गाणारी."

"मंग तिलाच सांग भाकर थापाया."

तवे तर आले, पण फोनो कुठं व्हता? फोनो बद्रीनाथ शेटकडं, गावातच दुकान त्याचं. त्याला बी तोच रोग. त्यानं सिकंदराबादहून जॅझचे तवे मागवल्ते, नुस्ते पोंगे अन ढोल. तिसरा केशव कारकून, जाफराबादच्या कचेरीतला. त्याच्यापाशी तिकडच्या गुराख्यांची गाणी. अन तिघांत इंग्रजी यायचं त्या एकट्याला, म्हणजे त्याचं म्हणणं तसं.

दर बाजारच्या दिवशी दुपारी हे तिघं शेटच्या दुकानामागं बसायचे. कायदे लई कडक. तवा वाजताना खोकायचं न्हाई. पान खायचं न्हाई. जर्मनच्या लढाईत फोनोच्या सुया मिळंनात, तर बाभळीचा काटा घासून लावायचा, दर गाण्याला नवा. काटे तोडायला दादा पहाटंच शेतात जायचा. निंदायला मात्र कधी गेला न्हाई.

गाणं झालं की केशव कारकून अर्थ सांगायचा. "ही म्हणती, माझा नवरा गाडीत बसून निघून गेला."

"मागल्या बाजारी बी हेच म्हणले तुम्ही," शेट म्हणायचा. "केशवराव, त्या मुलखात एक बी नवरा घरी ऱ्हात न्हाई का?"

"तुमच्या तव्यापेक्षा बरं हाय शेटजी. दहा वाजंत्री, दहा लग्नं, कोणाचा कोणाला मेळ न्हाई."

"अन तुमचा गुराखी? गातो का वासरू हाका मारून राह्यला?"

दादा दोघांला गप करायचा. पण घरी आला की म्हणायचा, खरं गाणं एक आपलंच, त्या दोघांला कान न्हाईत.

मंग अठ्ठेचाळीस साल आलं. निजामाचं राज्य डगमगाया लागलं, लुटालूट चालू झाली. गावच्या गाव सरहद्द ओलांडून वऱ्हाडात निघालं. शेट खामगावला मेव्हण्याकडं चालला, केशव कारकूनानं बी बायकापोरं हलवली. फोनो शेटनं संगं नेला. पण तव्याचं ओझं कसं न्यायचं? तव्हा दादाच्या डोक्यात आलं. आमचं जवारीचं पेव व्हतं, जमिनीत खोल, तोंड मातीनं लिपलं की कोणाला पत्ता लागत न्हाई.

"पेवात दाणा चार चार वर्सं ऱ्हातो," दादा म्हणला. "तव्याला काय होतंय? जबान देतो."

त्या जबानीवर दोघांनी आपले तवे दिले. शेट तर तवे सोपवताना रडला, बायकोला गाडीत बसवताना रडला न्हाई. दादानं तिघांचे तवे जवारीत पुरले अन घाईत तोंड लिपलं, तेबी भर श्रावणात. शेतकऱ्याचं पोर असून त्याला इतकं कळू नये? पेवात पाणी शिरलं की जवार तापती, हात घालवत न्हाई.

दोन महिन्यांनी आम्ही परत आलो. पेव उघडलं तर वास मारून राह्यलं. दादानं तवे काढले. एक बी सपाट न्हाई. तवे मऊ पडून द्रोणावानी वाकल्ते. दादा पेवाच्या काठावर बसला ते उठंच ना.

तेवढ्यात शेट खामगावहून आला, दारातूनच म्हणला, "भुजंगराव, आपले तवे?"

दादानं वर बघितलं न्हाई. म्हणला, "लुटून नेले शेटजी. पेव फोडून नेले."

बस. शेट त्याच्या गळ्यात पडून रडला. वरतून लुटीचा अर्ज केला. अन पंचनाम्याला कचेरीतून कोण यावं? केशव कारकून.

दादानं वाकडे तवे उकिरड्यावर फेकल्ते. पण माय एक चिंधी वाया जाऊ देत नव्हती. तिनं ते राखेनं घासून घरात घेतले. पंच ओसरीवर बसले अन तिनं समोर भाजल्या शेंगा ठेवल्या, केशव कारकूनाच्याच तव्यात.

कारकूनानं दोन शेंगा फोडल्या. तिसरीला त्याचा हात थांबला. मधला कागद वाचला. दादाकडं बघितलं. दादा आढ्याकडं बघून राह्यलाता.

"तुळजाबाई," कारकून हळूच म्हणला, "शेंगा खमंग हायेत." अन लिहिलं, चीजवस्त मिळून आली न्हाई. लुटीच्या अर्जाखाली शेटसंगं त्याची बी सही व्हती, खोटा निघाला तर तोच अडकणार, मंग काय करता? तव्हापासून तो दर बाजारी आमच्याकडं हक्कानं जेवायचा. दादाला म्हणायचा, "शेटला सांगा." दादा सांगायला दुकानात जायचा अन मीठ घेऊन यायचा. आमच्या घरात मीठ कधी सरलं न्हाई.

शेट मरेपर्यंत लुटारूंला शिव्या द्यायचा. त्याच्याहून मोठ्यानं शिव्या दादा द्यायचा. शेटनं शपथ घेतल्ती, ते तवे मिळाल्याबिगर फोनो वाजवणार न्हाई.

शेट गेला तव्हा त्याचा पोरगा फोनो घेऊन आला. म्हणला, "काका, बाबा सांगून गेले, भुजंगरावाचं लई नुस्कान झालं, निदान मशीन तरी त्यायला द्या." मी तिथंच व्हते. दादानं तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगतो.

म्हणला, "चहा घेऊन जा, बाळा."

पोरगं गेल्यावर मी लई बोलले त्याला. तो म्हणला, "साळे, लुटारूनं नेलं हे शेटला झेपलं. दोस्तानं सडवलं हे झेपलं नसतं." म्हणलं, त्याला झेपलं नसतं का तुला? तो फोनो त्यानं रोज पुसला, वाजवला एकदा बी न्हाई.

आता तो बी न्हाई, केशव कारकून बी न्हाई. मी एकटीच हाये सांगायला. तर बद्रीनाथ शेटच्या घरच्यांनो, तुमचे तवे कोणी लुटले नव्हते. आमच्या पेवात वाकले. फोनो माझ्यापाशी हाय, चालू हाय. येऊन घेऊन जा. शिव्या द्यायच्या तर मला द्या, दादाला देऊ नका.