सगळ्याचं पीठ

“फकस्त पाणी घालायचं, ताई. बाकी सगळं यात हाय.” एवढं बोलून आमचे शेजारी पिठाच्या डब्याच्या झाकणावर दोन बोटांनी टकटक करायचे, आत कुणी झोपलेलं असावं आणि त्याला हळूच उठवावं तसं.

मला पहिल्याच दिवशी राग आला. बाकी सगळं त्या डब्यात होतं हे खरं, पण त्या उन्हाळ्यात लातुरात नेमकं पाणीच नव्हतं. नळ कोरडे. टँकर आला की गल्लीतल्या बायका चुलीवरची भाकरी तव्यावरच सोडून धावायच्या. आणि हा माणूस, जो कलेक्टर कचेरीच्या टंचाई शाखेत कारकून होता, कोणत्या गावाला टँकर कधी जायचा याचे कागद दिवसभर रंगवत होता, तो मला ‘फकस्त पाणी’ म्हणत होता.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालेलं. उस्मानाबादहून ऑफिसं आली, ऑफिसांच्या मागे माणसं आली, घरं मात्र होती तेवढीच राहिली. औसा रोडच्या अलीकडे आमची पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. त्यात आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली खोली यांना मिळाली. बायको आदल्या वर्षी काविळीत गेलेली. सोबत एक मुलगी, शिवलीला, तिसरीतली. सारी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, मुलगीही अण्णाच म्हणायची, म्हणून मीही.

आता त्या पिठाविषयी सांगते, म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखं चिडता येईल. हैदराबादला कसल्याशा ट्रेनिंगला गेले असताना तिथल्या एका बेकरीवाल्याकडून ते शिकून आले होते. मैदा, दुधाची पावडर, बेकिंग पावडर, चिमूट मीठ हे सगळं रविवारी सकाळी परातीत चाळायचं, मग त्यात वनस्पती तूप घालून बोटांनी चोळत बसायचं. रव्यासारखं मोकळं होईपर्यंत चोळायचं. दारातच बसून चोळायचे, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवता यायचं. “सगळ्याचं पीठ हाय हे,” म्हणायचे. सैल भिजवलं की धिरडं. घट्ट भिजवलं की बिस्कीट. साखर घालून कुकरात वाळूवर ठेवलं की केक. जिरं-मिरची टाकून वाफवलं की कसलंतरी, त्याला नाव नव्हतं. अंडं कशातच नाही, कारण घर लिंगायताचं.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे. बिघडलं हे की बापलेक सकाळी तेच खायचे, दुपारी तेच आणि संध्याकाळीही तेच. शिवलीलाच्या अंगाला त्या बेकिंग पावडरीचा वास यायला लागला होता. मे महिन्यात पत्र्याखाली तूप वितळून सगळं पीठ खवट झालं, तरी त्यांनी ते टाकलं नाही. ओवा घालून संपवलं. तो ओव्याचा केक आमच्याकडेही आला. आमच्या यजमानांनी पहिला घास घेतला आणि एसटी डेपोत ड्यूटी आहे म्हणून निघून गेले. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती.

आणि काही द्यायची सोय नव्हती. एकदा वाटीभर शेंगांची चटणी पाठवली, तर भांडी आवरायच्या आत वाटी परत. त्यात चार बिस्किटं. दुसऱ्यांदा वरण पाठवलं, वाटीत धिरड्याची घडी. मी एकदा चिडून म्हटलं, “अण्णा, शेजाऱ्यापाजाऱ्यात असं लगोलग फेडायचं नसतं.”

“तसं न्हाई ताई. कुणावर बोजा कामून व्हावं?”

हे त्यांचं दुसरं पालुपद. बोजा. त्यांचा पाण्याचा ड्रम तळाला गेलेला मला भिंतीपलीकडून आवाजावरून कळायचा, तांब्या खरडल्याचा. पण मागायचे नाहीत. टँकरच्या ऑफिसातला माणूस, चालकाला एक शब्द टाकला असता तर टँकर आधी आमच्या ओळीत आला असता. तोही टाकायचे नाहीत. बायका त्यांच्या नावाने बोटं मोडायच्या, मीही मोडली.

ते दौऱ्यावर जायचे तेव्हा पहाटेच्या एसटीने निघायचे. कधी शिरूर अनंतपाळकडे, कधी अहमदपूरकडे. यायला रात्र. मी शिकवायचे ती शाळा सकाळची, शिवलीलाचीही. आम्ही दोघी दुपारी बरोबरच घरी यायचो, ती त्यांचं कुलूप काढायची आणि मी माझं. मी म्हणायचे, “चल, दोन घास खा.” ती म्हणायची, “पीठ हाय की, मावशी. पाणी घातलं की झालं.” बापाचाच सूर. मग भिंतीपलीकडून वातीचा स्टोव्ह पेटवल्याचा वास यायचा आणि मी ताट बाजूला सारून भिंतीला कान लावायचे. एवढीशी पोर आणि रॉकेलचा स्टोव्ह. अण्णांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “तिला मी शिकवलंय ताई. म्हणून तर हे पीठ करून राहिलो. तिला काही रांधावं लागू न्हाई.”

तेव्हा मला कळलं की ते पीठ हौसेचं नव्हतं. आपल्यामागे पोरीला कुणाच्या दारात उभं राहावं लागू नये, एवढ्यासाठी तो माणूस रविवारभर परात घेऊन बसत होता. कळलं, आणि माझा राग दुप्पट झाला.

व्हायचं ते झालंच. एका दुपारी तवा उतरवताना शिवलीलाचा हात भाजला. मनगटापासून कोपरापर्यंत. ओरडलीसुद्धा नाही. मी सहज डोकावले तर हात पिठाच्या डब्यात खुपसून बसलेली, गार लागतं म्हणून. दवाखान्यात नेऊन मलमपट्टी करून आणली. रात्री अण्णा आले, हाताकडे पाहत उंबऱ्यावरच बसले. सकाळी दवाखान्याचे पैसे आणि चार बिस्किटं माझ्या खिडकीत ठेवलेली.

उदगीरला, पोरीच्या आजोळी, बातमी जायला वेळ लागला नाही. पुढच्याच आठवड्यात शिवलीलाची आजी, तिला ते आव्वा म्हणायचे, कपाळाला भस्म लावलेली, पायांत पुरुषी चपला, एकटीच एसटीने येऊन हजर झाली. पोरीला न्यायला आली होती. शाळेचा दाखलाही काढायला सांगितला होता.

अण्णांनी मला बोलावलं. मदतीला नाही, साक्षीला. आव्वाच्या कानावर कुणीतरी घातलं होतं की जावई पोरीला अंड्याचं खाऊ घालतो. म्हणून ते तिच्यासमोर केक करून दाखवणार होते. परात मांडली, डबा उघडला, एकेक जिन्नस आव्वाच्या नाकाशी नेला. मग तांब्या घेऊन ड्रमाकडे गेले आणि तिथेच उभे राहिले. ड्रम कोरडा होता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मीच उठले, आमच्या प्यायच्या पाण्यातलं तांब्याभर आणून त्यांच्यापुढे आदळलं.

केक झाला. एरवी मधोमध बसणारा केक त्या दिवशी मेला छान फुगला. अण्णांनी तुकडा कापून आव्वापुढे धरला. “अंडं न्हाई, आव्वा. गळ्यातल्या लिंगाची आण.”

आव्वाने तुकडा हातात घेतला, खाल्ला नाही. उदगीरकडच्या कानडीत पोरीला “बा” म्हणून जवळ बोलावलं, तिची बाही वर सारली. म्हणाली, “अंड्याचं ऱ्हाऊ द्या, जावईबापू. मला ह्या हाताचं सांगा.”

अण्णा बोटांना चिकटलेलं पीठ चोळत राहिले.

मग मला राहवेना. मी म्हटलं, “आव्वा, पोरीला नेऊ नका. दुपारची ती माझ्याकडे जेवेल.”

“तुमच्यावर बोजा कामून, ताई,” अण्णा म्हणाले.

मी त्या दिवशी त्यांना काय काय बोलले ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एवढं आठवतं की बोजा हा शब्द पुन्हा काढलात तर हा डबा रस्त्यावर ओतीन, असं मी म्हणाले. त्यांनी डबा आपल्याकडे ओढून घेतला.

आव्वा माझ्याकडे निरखून पाहत होती. “बाई, तुमच्याकडं मांस शिजतं?”

“शिजतं. आईतवारी.”

“मग?”

“हिच्या भाकरीला तवा वेगळा ठेवीन. भांडी वेगळी.”

अण्णा पुन्हा तोंड उघडणार तेवढ्यात आव्वाने हात वर केला. “तुमी गप बसा. तुमाला कुणी इचारलं न्हाई.” मग पोरीला विचारलं, “तुला कुठं ऱ्हायचंय गं?”

“अण्णा एकटेच खातील की मग,” शिवलीला म्हणाली.

आव्वाने हातातला तुकडा पदरात बांधला आणि संध्याकाळच्या गाडीने एकटीच परत गेली.

दुसऱ्या दिवसापासून पोर माझ्याकडे जेवू लागली. मी नवा तवा आणला. पोर भाकरी पटापट खायची, पिठलं चाटूनपुसून संपवायची, गालांवर मांस चढायला लागलं. आणि रविवारी अण्णा दारात. हातात डबा. “फकस्त पाणी घालायचं, ताई.” दर रविवारी. मी नको म्हटलं, रागावले, एकदा दार लावून घेतलं. डबा उंबऱ्यावर ठेवलेला सापडायचा. माझ्या मांडणीवर जागा उरेना. शेवटी मी शाळेत डबे न्यायला लागले. आमच्या मोठ्या बाईंनी विचारलं, हे काय, तर मी म्हटलं, सगळ्याचं पीठ. आणि मग मला समजलं की मी झाकणावर बोटं वाजवतेय. स्वतःचाच असा संताप आला.

पुढे पाऊस झाला, टँकर बंद झाले, शिवलीला सातवीत गेली. तेव्हा अण्णांची बदली झाली, नांदेड जिल्ह्यात, पार किनवटकडे, इस्लापूरला. जायच्या दिवशी ट्रक दारात उभा. स्टोव्ह, परात, सगळं वर चढलेलं. मी म्हटलं, “जेवून जा.” उत्तर ठरलेलंच होतं. “बिस्किटं केलेली हायत ताई. वाटंत खाऊ.”

शिवलीला आमच्या स्वयंपाकघरात आपल्या नेहमीच्या जागी बसून जेवायला लागली होती. तिथूनच म्हणाली, “अण्णा, बसा की.”

इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून राहिलेला माणूस पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत आला. चपला नीट जोडून ठेवल्या. पोरीशेजारी मांडी घालून बसला. मी ताट वाढलं, भाकरी, डाळ, कांदा. खाली मान घालून जेवत होते. ट्रकवाला बाहेर हॉर्न वाजवत होता. ताट रिकामं होत आलं तेव्हा ते थांबले, घसा साफ केला आणि अगदी हळू म्हणाले, “ताई, अजून अर्धी मिळंल का?”

मी तव्याकडे तोंड करून बसले होते ते बरं झालं. “अर्धी कामून,” मी ओरडलेच जवळजवळ. “सबंध घ्या. आणि आधी का नाही सांगितलं, मी पीठ आवरून ठेवलं ना.” पुन्हा पीठ काढलं, पुन्हा मळलं. ट्रकवाल्याला यजमानांनी पानाच्या टपरीवर नेऊन थोपवलं.

त्यानंतर त्यांचं काही कळलं नाही. ते लिहिणाऱ्यांतले नव्हते आणि माझ्याकडे पत्ता नव्हता. त्या खोलीत महिनाभराने बँकेतलं एक जोडपं राहायला आलं. पहिल्या दिवशी मी जाऊन त्या बाईला म्हटलं, काही लागलं तर मागा. ती हो म्हणाली आणि लगेच वाटीभर साखर मागितली.

मला इतकं बरं वाटलं की मी दोन वाट्या दिल्या.