दोन खोल्या आणि बत्तीस गाठी

रविवार, ९ नोव्हेंबर. स्थळ: दिग्रस, ताईचं घर. वेळ: सकाळी साडेआठ. हजर: मी, आमचे हे, आर्णीच्या शाळेत शिकवणारी माझी भाची प्रज्ञा, आणि घरधनी या नात्याने तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी. गैरहजर: ताई. ती गुडघ्याचं ऑपरेशन होऊन यवतमाळच्या दवाखान्यात आहे. विषय: बुधवारी तिला सुट्टी मिळते आहे, तिला आणायचं कुठे?

शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षं सभांची इतिवृत्तं लिहिल्यामुळे माझा हात असाच चालतो. खरं म्हणजे विषय एका ओळीचा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ताईने खाली बसायचं नाही, पलंग बेताच्या उंचीचा हवा, आणि पलंगापासून न्हाणीपर्यंत वॉकर कुठेही न अडकता गेला पाहिजे. एरवी कुणाच्याही घरात याला अर्धा तास पुरला असता. पण रिकामी जागा म्हणून काही असते यावर अजिबात विश्वास नसलेला माणूस मी जन्मात एकच पाहिला आहे, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे.

भाऊजींची सगळी नोकरी इथल्याच एका जिनिंगमध्ये, प्रेसवर गेली. खोलीभर फुगलेली रुई पेटीत जाते, वरून दाब येतो, लोखंडी पट्ट्या आवळल्या जातात आणि दोन माणसांना बसता येईल एवढी गाठ बाहेर पडते. हे ज्याने रोज पाहिलं त्याला जगातली प्रत्येक वस्तू अजून दाबायची राहून गेली आहे असं वाटत असावं. "शोभा, घरात जागा कमी नाई, हवा जास्त हाय," हे त्यांचं ठाम मत. ही हवा काढण्यासाठी त्यांनी भंगारातून जीपचा जॅक आणला, बाभळीच्या दोन जाड फळ्या आणि लोखंडी अँगल यांची चौकट केली आणि घरचा प्रेस उभा केला. त्यात स्वेटर, रजया, पडदे, जुन्या साड्या, प्रज्ञाचे शाळेचे गणवेश, सगळ्यांच्या गाठी झाल्या. प्रत्येक गाठीवर काळ्या रंगाने नंबर, जिनिंगमध्ये घालायचे तसाच. कोणत्या नंबरात काय आहे हे कुठेही लिहिलेलं नाही. ते भाऊजींच्या डोक्यात असतं. मी एकदा यादी करून द्यायची तयारी दाखवली तर म्हणाले, "यादीचा कागद ठेवतो कुठी?"

दोन खोल्यांच्या त्या घरात बाबासाहेबांच्या फोटोची आणि बुद्धमूर्तीची भिंत तेवढी कोरी आहे. तिथे जास्तीचा खिळासुद्धा नाही. बाकी सगळीकडे काहीतरी टांगलेलं, खोचलेलं किंवा कोंबलेलं. कुकरमध्ये औषधं, किटलीत सुईदोरा, सायकल दाराच्या वर भिंतीला उताणी. कूलर तर आठ महिने कपाटच असतो. पाणी काढून, आत वर्तमानपत्र अंथरून त्यात उन्हाळी वाळवण आणि मसाले भरून ठेवायचे. एका वर्षी मार्च अखेरीस ऊन असं काही तापलं की भाऊजींनी दुपारी सरळ बटण दाबलं. आत ताईची तिखटाची पिशवी होती. ताई सांगते की त्या दिवशी समोरच्या किराणा दुकानातलं गिऱ्हाईकही शिंकत पळालं, आणि भाऊजी डोळे पुसत एवढंच म्हणाले, "पिशवी दाबून बांधली असती तं उडली नसती."

पाहुण्याने त्यांच्या घरी बॅग उघडी ठेवू नये, हा धडा मी फार उशिरा शिकले. बॅगेत जागा दिसली की त्यांना राहवत नाही. एकदा यवतमाळला घरी पोचून बॅग उघडते तो माझ्या साड्यांमध्ये पायली-दोन पायली तुरीची डाळ, एक छत्री आणि त्यांच्या घराची मागच्या चार वर्षांची विजेची बिलं. मी तणतणत फोन लावला. भाऊजी शांतपणे म्हणाले, "डाळ तुह्यासाठी हाय. बिलं राहू दे तुह्याजवळ, तथी सुरक्षित राह्यतीन." ती बिलं आजही माझ्या कपाटात आहेत, तारखेप्रमाणे लावलेली.

पण सगळ्यात मोठा गुन्हा त्या पलंगाचा. खालची जागा वाढावी म्हणून भाऊजींनी त्याच्या प्रत्येक पायाखाली विटा रचल्या. आधी दोन, मग चार, मग सहा. लग्नानंतर आमचे हे पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्यांना मानाने पलंगावर बसवलं. त्यांचे पाय जमिनीला टेकेनात. चहा होईपर्यंत नवे जावई शाळेच्या बाकावरच्या पोरासारखे पाय हलवत बसले होते. ताई मात्र वर्षानुवर्षं स्टुलावर पाय देऊन त्या पलंगावर चढत राहिली. तिचा गुडघा कशाने गेला हे डॉक्टरांनी सांगायची मला गरज वाटली नाही, आणि तसं मी भाऊजींना दवाखान्यातच ऐकवलंही.

म्हणून मी अट घातली होती. रविवारी संध्याकाळपर्यंत पलंग खाली आला आणि वॉकरला वाट मिळाली, तर ताई घरी येईल. नाहीतर सरळ माझ्याकडे यवतमाळला, तीन महिने.

"तीन महिने?" भाऊजींनी विचारलं होतं.

"कमीत कमी."

आज सकाळी प्रज्ञाने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मावशी, बाबा दोन दिवसांपासून जेवून नाई राह्यले बरोबर. आईचा चष्मा खिशात घालून फिरून राह्यले."

"तो कायले?"

"जागा हाय म्हणतात खिशात."

मी वही उघडली. पानावर तीन रकाने: ठेवायचं, द्यायचं, फेकायचं. पुढे चौथा, वस्तू कुणाची. पलंगाखालच्या आणि माळ्यावरच्या मिळून गाठी निघाल्या एकतीस. मी सांगितलं की सगळ्या पुढच्या खोलीत, पलंगासमोर घ्या आणि एकदम कापा. आत काय आहे ते एकदा दिसलं की वाटणी तासाभरात होईल.

भाऊजी म्हणाले, "एका वेळी एकच काप, शोभा. गाठ उसळते."

"भाऊजी, आज तुमचं काही चालायचं नाही."

"माहं नोको चालू दे. दार तं उघडं ठेव."

धूळ रस्त्यावर जाऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं होतं. ते आत उघडणारं दार. ह्यांनी आणि प्रज्ञाने पत्रा कापायच्या कात्र्या घेतल्या आणि पट्ट्या तटातट तोडायला सुरुवात केली. पहिल्या दोन-तीन गाठी नुसत्या सुस्कारल्या. मग रजयांनी अंग सोडलं. वर्षानुवर्षांची कोंडलेली हवा सगळ्यांनी मिळून परत घेतली असावी. स्वेटर फुगले, पडदे उलगडले, रजयांवर रजया चढल्या आणि दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही कमरेपर्यंत कापडात उभे राहिलो. हे कोपऱ्यात होते, त्यांचा फक्त चष्मा आणि कपाळ दिसत होतं. दार ओढावं तर ढिगाऱ्याने ते चेपून धरलेलं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभे असलेले भाऊजी तेवढे मोकळे होते.

"आता कसं करता मॅडम?" त्यांनी विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं.

त्याच वेळी माझा फोन वाजला. ताई. "शोभे, काय चालू हाय? त्याइले ओरडू नोको वं."

"मी रजईत आहे ताई, नंतर बोलते."

"पाह्य, मले घरीच याचं हाय. कसंही कर."

फोन स्पीकरवर होता. भाऊजींनी बाह्या सारल्या, स्वयंपाकघरातून जॅक ओढत आणला आणि आम्हाला एकेक वस्तू हातात द्यायला सांगितली. पुढचे तीन तास तो माणूस मी ज्या तऱ्हेने पाहिला, तसा आधी कधी पाहिला नव्हता. मी म्हणायचं, "द्यायचं," ते घडी घालायचे, दाबायचे, पट्टी आवळायचे. एकाही रजईवरून आमची हुज्जत झाली नाही, एकाही स्वेटरला त्यांनी "असू दे" म्हटलं नाही. बाहेर जाणाऱ्या गाठींची रांग ओट्यावर लागली. पलंगाखालच्या विटा निघाल्या. पलंग जमिनीला टेकला तेव्हा खोली एकदम मोठी आणि ओळखू न येण्यासारखी दिसायला लागली.

वॉकर दवाखान्यातच होता, पण त्याची रुंदी मी मोजून आणली होती. भाऊजींनी तेवढ्या मापाची बांबूची चौकट बांधली आणि स्वतः ती धरून, ताईसारखं लंगडत, पलंगापासून निघाले. स्वयंपाकघराच्या दारात कोपर घासलं. त्यांनी तिथली मांडणी काढून टाकली. पुन्हा पलंगापासून. पाण्याच्या ड्रमाशी अडले. ड्रम बाहेर गेला. असं सहा वेळा. सातव्या खेपेला चौकट न्हाणीपर्यंत सरळ गेली आणि ते तिथूनच म्हणाले, "शोभा, लिही. येते म्हणा ती."

मी लिहिलं. ताई बुधवारी घरी येणार, हा ठराव एकमताने मंजूर झाला. प्रज्ञाने चहा ठेवला.

चहा पिता पिता मी चौथा रकाना पाहत होते. वस्तू कुणाची: ताईची, प्रज्ञाची, प्रज्ञाची, ताईच्या अंगणवाडीची, माझी, ह्यांची एक सफारी, प्रज्ञाची. ओळीने एकतीस. भाऊजींचं नाव एकदाही नव्हतं. मला वाटलं माझ्याकडूनच राहिलं असेल, म्हणून मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि मग लक्षात आलं की नंबर दोनपासून सुरू होतात. एक नंबरची गाठ आम्ही पाहिलीच नव्हती.

"एक नंबर कुठंय, भाऊजी?"

"राहू दे तिले. तिची कायले घाई हाय."

प्रज्ञाने ती कूलरच्या मागून ओढून काढली. बाकीच्या गाठींसारख्या तिला लोखंडी पट्ट्या नव्हत्या. सुतळीने, पायाने दाबून बांधलेली, जॅक येण्याच्या फार आधीची. सुतळी कापली तर काहीच उसळलं नाही. आत एक गादी होती, लाकडासारखी घट्ट झालेली. मी विचारलं कुणाची, तर भाऊजी कपबशा गोळा करायला लागले. ताईला फोन लावला तेव्हा तीच म्हणाली, "तू कॉलेजसाठी आमच्याकडे राह्यला आलती ना, तेव्हाची हाय. तुह्या अभ्यासाच्या टेबलाले जागा नोती. मंग यायनं आपली गादी गुंडाळली. म्हणे, मले कडक जमिनीवर झोप चांगली लागते."

मी त्या टेबलावर दोन वर्षं अभ्यास केला. टेबल नंतर केव्हातरी गेलं, तिथे प्रज्ञाचा पाळणा आला, मग तिचं टेबल, मग आणखी काय काय. तीस वर्षं भाऊजी पलंग आणि स्वयंपाकघराचं दार यांच्यामधल्या पट्टीत सतरंजी टाकून झोपतात. मी तिथे असंख्य वेळा राहिले आहे, सकाळी ती सतरंजी ओलांडून चहा ठेवायला गेले आहे, आणि भाऊजींना सवयच आहे असं समजत आले आहे.

आणि आता ती पट्टी वॉकरची वाट होती. तिथे काही टाकायचं नाही, हे मीच मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला चिकटवलं होतं.

"मग तुम्ही कुठे झोपणार?" मी विचारलं.

"माही सोय होते." त्यांनी खिशातला ताईचा चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पलंगाच्या उशाशी ठेवला. "तिचं नीट झालं ना? बस."

"ओट्यावर झोपायचं नाही. थंडी सुरू झालीये."

"पाहू ना."

आम्ही चौघांनी घर पुन्हा एकदा नजरेने फिरून पाहिलं. पुढच्या खोलीत पलंग, सामान आणि वॉकरची वाट सोडून माणूस आडवा होईल एवढी जागा नव्हती, म्हणून ह्यांनी टेप घेऊन स्वयंपाकघर मोजलं. मी कूलर बाहेर काढायचं सुचवलं. पण तो काढूनही भिंतीजवळ साडेचारच फूट निघत होते, आणि भाऊजी चांगले उंच आहेत. शेवटच्या गाडीची वेळ झाली होती.

वहीतल्या सतरा कामांपैकी सोळांपुढे खूण आहे. सतरावं असं: गादी पिंजून आणणे (जबाबदारी: मी). ती घालायला जागा: शोध चालू आहे.