शिडीमामांचं कॅल्शियम

शिडीमामा भिंतींना चुना लावायचे. अंगाने इतके उंच, की शिडी न्यायची ती निव्वळ गिऱ्हाइकावर छाप पाडायला. एकच खोड वाईट: दुखलं-खुपलं की हाताला लागेल ते औषध पोटात ढकलायचं.

एका सकाळी सर्दीने नाकाचा नळ झाला. मामांनी सर्दीच्या गोळ्या दुप्पट घेतल्या, वर साडूचं दम्याचं औषध झाकणभर. पुढे शाळेतल्या बाईंच्या घरी भिंत रंगवताना छाती अशी धडधडायला लागली, की हातातला कुंचला आपोआप हलू लागला.

"आज हात भलताच चालतोय!" बाई कौतुकाने म्हणाल्या. तेवढ्यात मामा मटकन खाली बसले.

बाईंनी त्यांना गाडीत घालून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी हृदयाचा आलेख काढला. ठोके मंदावावेत म्हणून तोंड मिटून, नाक दाबून जोरात फुंकायला लावलं. कान लालबुंद झाले, ठोके काही ऐकेनात. मग शिरेतून सावकाश इंजेक्शन दिलं आणि छाती ताळ्यावर आली.

"काय टोचलंत हो?"

"कॅल्शियमची वाट अडवणारं औषध."

घरी साडू टपूनच बसला होता. इंजेक्शनचं ऐकताच म्हणाला, "अरे, चुना म्हणजे कॅल्शियमच की! दूधही तेच, दातही तेच! शिवू नकोस कशाला!"

मामांनी हाय खाल्ली. दूध तोडलं, काम सोडलं, दात पडतील म्हणून बिस्किटं पाण्यात भिजवून गिळू लागले. घरातल्या पांढऱ्या भिंतीकडे पाठ करून झोपू लागले. शेवटी मामींनी मनगट धरून त्यांना दवाखान्यात उभं केलं.

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "मामा, हृदयाच्या पेशींना बारीक दारं असतात. त्यातून कॅल्शियम आत गेलं की ठोका पुढे सरकतो. तुमच्या औषधांनी ठोके उधळले, म्हणून मी ती दारं जरा लोटून घेतली. इंजेक्शनचा अंमल केव्हाच उतरला. दूध प्या, चुना लावा. साडूंचं औषध मात्र साडूंनाच राहू द्या."

"आणि अक्कल?" मामींनी विचारलं.

"तीसुद्धा."

मामांनी शाळेतल्या बाईंची भिंत पुरी केली. पुढच्या सर्दीला मात्र शहाण्यासारखे आधी दवाखान्यात गेले आणि तळहात पुढे केला.

"ही पांढरी गोळी घेतली तर चालेल?"

डॉक्टरीणबाईंनी चष्मा लावून पाहिलं. "मामा, हे सदऱ्याचं बटण आहे."