नाक्यावरचा नवरदेव

“मूळ गाव कोणतं?” दारात बूट काढायच्या आधीच साहेबांनी मला विचारलं. खोली भाड्यानं हवी होती त्यांना, आणि प्रश्न मलाच!

हैदराबाद संस्थान विलीन होऊन काही वर्षं झाली होती. जुन्या सरहद्दीवरून कोण इकडं आलं, कोण तिकडं गेलं, त्यांना शाळा-रेशन मिळालं का, याचं संशोधन करायला ते पुण्याहून आमच्या नळदुर्गाला आलेले. कानावर कायम पेन्सिल.

एकदा आडावर आले. आम्ही बाया पाणी शेंदत होतो.

“इथल्याच, का बाहेरून आलात?”

“बाहेरून!” झाडून सगळ्या म्हणालो.

साहेबांचे डोळे चमकले. “कारण?”

“लगीन झालं न्हवं का!”

“परत जायची इच्छा?”

“दिवाळीला कुनी न्यायला आलं तर!”

हसता हसता माझा पोहरा आडात पडला. पण साहेबांनी सगळं मन लावून लिहून घेतलं. मला लई बरं वाटलं. सासरी असं कुणी कधी विचारलं नव्हतं.

शेजारच्या गुरुजींची लेक मुलींच्या शाळेत शिकवायची. भिंतीपलीकडं तिचा आवाज आला की साहेब चहात पेन्सिल बुडवून ढवळायचे. एवढं आम्हाला कळत नाही होय! पोरीचंही मन तिकडंच. शेवटी मीच गुरुजींच्या कानावर घातलं.

गुरुजींनी साहेबांना विचारलं, “मूळ गाव कोणतं?”

साहेबांना मूळ गावच नव्हतं. वडील रेल्वेत, सारख्या बदल्या. आता आईवडीलही नाहीत, ना घर, ना ग्रामदैवत. “उद्या काही झालं तर मुलीनं कुठं जायचं?” म्हणत गुरुजींनी नकार दिला. साहेब जेवेनात. कुणाला काही विचारेनात. माझा जीव तुटायला लागला.

मग मीच उठले आणि गेले तरातरा गुरुजींकडं. “मी बहीण त्याची. माझं घर ते त्याचं घर. उद्या काही झालं तर तुमची लेक माझ्याकडं येईल. आता बोला!”

गुरुजी कसेबसे कबूल झाले. पण सीमांतपूजनाचं काय? नवरदेव शिवेवरून यायला हवा, आणि आमच्या नवरदेवाचं बिऱ्हाड तर भिंतीला भिंत लावून! आम्ही बायांनी साहेबांना मुंडावळ्या बांधल्या, बैलगाडीत घातलं आणि सोलापूरच्या रस्त्यावर, निजामाच्या वेळच्या जकात नाक्यावर नेऊन उभं केलं. नाका बंद पडलेला, आडवा बांबू तेवढा शिल्लक. पलीकडं साहेब, अलीकडं तांब्या घेऊन गुरुजी.

गुरुजींनी मुद्दाम विचारलं, “मूळ गाव कोणतं?”

“नळदुर्ग!” साहेब असे ओरडले की बैल बिथरले.

“मग बाहेर कशाला उभे?” गुरुजींना हसू आवरेना. पाय धुताना अर्धं पाणी त्यांच्याच धोतरावर सांडलं.

पुढं दोघं पुण्याला, दिल्लीला, कुठंकुठं राहिली. पण दर दिवाळीला साहेब एस.टी.तून नाक्यावरच उतरायचे. मी तांब्या घेऊन जायची. “अक्का, आलो गावाला!” अख्ख्या रस्त्याला ऐकू जायचं.

यंदाही मी तांब्या घेऊन गेले. गाडीतून ती एकटीच उतरली. म्हणाली, “शेवटच्या दिवशी दवाखान्यात गाव विचारलं, तेव्हाही नळदुर्गच म्हणाले.”

तांब्यातलं पाणी मी तिच्या पायांवर ओतलं आणि तिची पिशवी उचलली. म्हटलं, “चल घरी.”