हार्ड डिस्कमधलं चुंबक

जैनथच्या रस्त्यावर लिंबाखाली एक भंगारवाला जुने कॉम्प्युटर फोडत बसायचा. एके सकाळी माझ्या किराणा दुकानातला बंद पडलेला कॉम्प्युटर त्याला दिला, पण त्याच्या हातावरची नजर मी हलवली नाही. असल्यांचा काय भरवसा! तांब्याची तार, पंखा, हिरवी पाटी सगळं तो वेगवेगळ्या पोत्यांत टाकत होता. हार्ड डिस्कमधलं चुंबक मात्र त्यानं हळूच मांडीखाली सारलं.

"ते काऊन लपवलं?"

तो हसला. "लपवून नाई राह्यलो. दुकानदार नेतात, पारड्याखाली चिकटवाले. तुमाले पायजे का?"

मी तणतणत निघून आलो.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. मी तुरीची डाळ तोलायला घेतली, तर त्यांनी आधी वाकून पारड्याखाली पाहिलं.

"भाऊ, सकाळी तुमी त्या भंगारवाल्यापाशी बसले होते ना?"